डबीवरचा आकडा

कर्जत-खालापूरच्या पोरांना नेमबाजी शिकायची तर पनवेल जवळ. 2004 साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत 400 पैकी 400 गुण घेणाऱ्या सुमा शिरूर यांचा क्लब तिथलाच. एअर रायफल हाती आली की लगेच प्रश्न येतो, डबीवर 4.49 मिलिमीटर लिहिलेला छर्रा घ्यायचा की 4.50 चा? परदेशात मोठ्या रायफलीच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरणारे हौशी नेमबाज त्या हजारांश इंचात मोजतात. पण एअर रायफलला पुंगळीच नाही. नेमबाज स्वप्निल कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकला पॉइंट टू टू रायफलीने ब्राँझ मिळवलं. त्या रायफलीच्या काडतुसाची पुंगळीही पुन्हा भरता येत नाही, कारण ठिणगीचा मसाला तिच्या काठातच असतो. आपल्या हाती उरते ती फक्त निवड, आणि माझ्या मते ती मायक्रोमीटरने नव्हे, कागदावर करावी.

शिसं मऊ. मायक्रोमीटर जरा जास्त आवळला की शतांश मिलिमीटर दबलाच, आणि दोन डब्यांतला फरकही तेवढाच. शिवाय नळीनळीत फरक असतो. एकाच कंपनीच्या दोन रायफली वेगवेगळे आकडे पसंत करतात. म्हणून रायफल व्हाइसमध्ये घट्ट बसवावी, प्रत्येक आकड्याचे दहा छर्रे एकाच जागी मारावेत आणि भोकांच्या घोळक्याची बाहेरून बाहेर रुंदी मोजून त्यातून छर्ऱ्याचे 4.5 मिलिमीटर वजा करावेत. ज्याचा घोळका लहान, तो आपला.

काहीजण प्रत्येक छर्रा तोलतात. दबलेला, चुकीचा ओतलेला छर्रा बाजूला काढायला ते ठीक. पण 10 मीटरवर छर्रा जेमतेम 17 मिलिमीटर खाली येतो. वजनात एक टक्का फरक पडला तर वेगात अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडेल, म्हणजे पडण्यात पाव मिलिमीटरहून कमी. गुणात एक दशांशसुद्धा नाही. एवढ्यासाठी संध्याकाळ घालवणं मला पटत नाही.

आक्षेप असा येतो, की नवशिक्याचा हातच आठ मिलिमीटर हलतो, मग छर्ऱ्याची चाचणी कशाला? आक्षेप बराचसा खरा आहे. दोन चुकांची नुसती बेरीज होत नाही, वर्गांची होते: हाताचे आठ आणि छर्ऱ्याचा एक मिळून 8.06. पण छर्रा चार मिलिमीटर विखुरत असेल तर तेच 8.9 होतात, आणि पोर उगाच आपल्या पकडीला दोष देत बसतं. तेव्हा चाचणी एकदाच करा, पण करा. जुळलेल्या डबीचा बॅच नंबर लिहून ठेवा, त्याच बॅचच्या जमतील तेवढ्या डब्या घ्या. आणि हाताळणी झाली की हात साबणाने धुवा; ते शिसं आहे.