कोटी करावी, पण कवितेसाठी

आज ‘सुदाम्याचे पोहे’ हे विनोदी लेखांचे पुस्तक पुन्हा काढले. त्याचे लेखक, १८७१ साली जन्मलेले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगाव आणि जळगाव जामोदला वकिली करत. दिवसा कज्जे चालवणाऱ्या या माणसाने मराठी विनोदाला नवे वळण दिले. राम गणेश गडकऱ्यांनी त्यांना गुरू मानले, विनोद बाळकराम म्हणून लिहिला आणि कविता गोविंदाग्रज म्हणून. एकाच लेखणीला दोन नावे! मला मात्र ही वाटणी पटत नाही. विनोद कवितेतच बसवावा, असे मनापासून वाटते.

खामगावची चांदी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. त्यावरून वहीत उतरले:

लेकीसाठी पैंजणांची खरेदी काल झाली,
पायी तिच्या चांदी आली, सोनाराची चांदी झाली!

श्लेषाचे दोन्ही अर्थ आपापल्या पायावर उभे राहायला हवेत. इथे पैंजण खरे आहेत, नफाही खरा. म्हणून हसू येते आणि लेकीचे पाऊलही दिसते. नुसत्या आवाजाच्या साम्यावर केलेली कोटी टाळ्या घेते, पण दुसऱ्या वाचनाला विझते. कोल्हटकरांच्या काही कोट्या मलाही आज जड वाटतात. (वाचताना थांबून उलगडाव्या लागतात.) पण शब्द सगळ्या बाजूंनी वाजवून पाहण्याची त्यांची हौस अस्सल होती.

जिल्ह्यातल्या नव्या कवींनो, कविसंमेलनाला जाण्याआधी एकदा कोल्हटकर वाचा, आणि हसवायला लाजू नका.