मंगळवारचा वार

परमुलुखीं गेल्यावर आपल्या मुलुखाचें अन्न शोधीत हिंडूं नये, असा आमचा जुना नियम आहे; आणि तो आम्हीं आजवर एकदांही पाळलेला नाहीं. गेल्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील इलिनॉय राज्यांत, अर्बाना नांवाच्या गांवीं, भाच्याकडे आमचा महिनाभर मुक्काम होता. तेथें पोहोंचल्यावर तिसऱ्याच दिवशीं आम्हीं त्याला विचारलें, "येथें आपलें जेवण कोठें मिळतें रे?" उत्तर देण्यापूर्वीं तो क्षणभर घुटमळला. तें घुटमळणें आमच्या ध्यानांत आलें. त्याचा अर्थ ध्यानांत यावयास मात्र आणखी आठ दिवस लागले.

अर्बाना आणि त्याला लागून असलेलें शँपेन हें एक जोडगांव आहे. १८६७ सालीं स्थापन झालेलें विद्यापीठ हाच त्याचा मुख्य उद्योग. विद्यार्थी आले कीं गांव भरतें, सुटी लागली कीं ओस पडतें. सभोंवार नजर पोहोंचेल तेथपर्यंत सपाट जमीन, आणि हंगामांत तिच्यावर मका. १८७६ सालीं ज्या तुकड्यावर मक्याच्या लागवडीचे प्रयोग सुरू झाले, तो तुकडा विद्यापीठानें आपल्या आवारांत अद्याप राखून ठेविला आहे. त्याच्या शेजारीं १९६९ सालीं ग्रंथालय उघडलें, तें जमिनीखालीं बांधून. इमारतीची सावली पिकावर पडूं नये म्हणून! मक्याच्या रोपांची एवढी काळजी वाहणाऱ्या गांवांत माणसाच्या पोटाची आबाळ होणार नाहीं, असा आम्हीं आपला अंदाज बांधला. रवींद्रनाथ ठाकूरांनीं आपले चिरंजीव रथींद्रनाथ यांना शेतकी शिकण्यासाठीं याच विद्यापीठांत पाठविलें होतें, आणि पुढें १९१२-१३ च्या हिवाळ्यांत ते स्वतःही अर्बानांत येऊन राहिले होते. महाकवि त्या हिवाळ्यांत काय जेवत, हा प्रश्न वाङ्मयाच्या इतिहासकारांना गौण वाटेल. तेथील बर्फ पाहिल्यापासून आम्हांला तो गौण वाटेनासा झाला आहे.

शिवाय आमच्यावर एक कामगिरीही होती. आमची थोरली बहीण, भाच्याची आई, साताऱ्यास असते. निघतांना अक्कानें गोड्या मसाल्याच्या दोन पुड्या आमच्या हवालीं केल्या आणि बजावलें, "तो फोनवर सगळें गोडच सांगतो. तूं डोळ्यांनीं बघून ये. काय खातो, कसें खातो, मला खरें सांग." खरें सांगण्याविषयीं आमची ख्याति नसतांही तिनें हें काम आम्हांलाच सांगितलें, कारण जाणारे आम्हीच होतों.

भाचा आम्हांला ज्या उपाहारगृहांत घेऊन गेला, तें म्हणजे एक लांबट खोली होती. एका बाजूस नाणीं टाकून कपडे धुण्याचीं यंत्रें, दुसऱ्या बाजूस सायकलींची दुरुस्ती, आणि मध्यें हें. आंत भिंतीवर ताजमहाल, गल्ल्यामागें गुरु नानकांची तसबीर, आणि कोपऱ्यांतल्या पडद्यावर, आवाज बंद करून, हिंदी चित्रपटांतलीं गाणीं चाललेलीं. दुपारचें जेवण बफे पद्धतीचें. ठराविक रक्कम भरावी आणि वाफेवर ठेवलेल्या पोलादी तबकांतून वाटेल तितकें वाढून घ्यावें. पालक-पनीर, छोले, कोंबडीचा टिक्का मसाला, वाटाणा-बटाटा. सात तबकांत सात पदार्थ होते आणि सातांचा रस्सा एकच होता. रात्रीं पदार्थ मागवून जेवावयाचें असेल तर तिखटपणा एकपासून पांचपर्यंतच्या आंकड्यांत सांगावा लागतो. मिरचीला परीक्षेप्रमाणें गुण देण्याची ही रीत विद्यापीठाच्या गांवाला शोभण्यासारखीच आहे.

आम्हीं ताट भरून घेतलें आणि टीका आरंभिली. टीका करण्यासारखें होतेंही पुष्कळ. फाळणीनंतर पेशावराकडून दिल्लीस आलेल्या निर्वासितांनीं १९४७ सालीं दर्यागंजांत तंदूर मांडले. त्या तंदुराचें आणि लोणी-टोमॅटोच्या रश्श्याचें अन्न पुढें हिंदुस्थानचें अन्न म्हणून जगभर गेलें. अमेरिकेनें तर हिंदी माणसालाच फार दिवस दाराबाहेर ठेविलें होतें. १९४६ च्या कायद्यानें वर्षाला शंभर जणांना येऊन वसण्याची परवानगी मिळाली. दार खरें उघडलें तें १९६५ च्या कायद्यानें. दार उघडल्यावर जे आले त्यांनीं जें खपेल तें रांधलें, यांत त्यांचा दोष नाहीं. पण ज्या जेवणांत पिठलें नाहीं, भाकरी नाहीं, अळूचें फदफदें नाहीं, तें हिंदुस्थानी कसें म्हणावें? हा प्रश्न आम्हीं बऱ्याच मोठ्यानें विचारला. बंगाली त्यांत माशाची झोळ शोधील आणि तमिळी रस्सम शोधील, हें त्या वेळीं आम्हांला सुचलें नाहीं. त्या रश्श्यांतली मिरची, टोमॅटो आणि बटाटा हीं मूळचीं अमेरिका खंडांतलींच, पोर्तुगीजांच्या काळांत आपल्याकडे आलेलीं, हेंही सुचलें नाहीं. भरल्या ताटापुढें बसलेल्या टीकाकाराला इतिहास नेहमीं जेवण झाल्यावरच आठवतो.

भाचा हूं कीं चूं करीत नव्हता. त्यानें वाढूनही थोडेंच घेतलें होतें. मात्र गल्ल्यावरचा सरदारजी त्याला "मास्टरजी" म्हणाला, आणि मुदपाकखान्याच्या दारांतून एक डोकें बाहेर येऊन त्याच्याकडे पाहून हंसून गेलें, तेव्हां आमचा संशय बळावला. म्हणजे हे चिरंजीव येथें रोजचे गिऱ्हाईक आहेत! तिकडे आई मसाले कुटते आहे आणि इकडे हा डॉलर मोजून टिक्का मसाला खातो आहे! त्याच्या खोलीवरच्या स्वयंपाकघराची आम्हीं झडती घेतली, तेव्हां तांदुळाचें पोतें, अंडीं, मीठ आणि एक तवा एवढाच संसार आढळला. अक्कानें चार वर्षें जाणाऱ्या प्रत्येकाबरोबर पाठविलेल्या मसाल्याची एकही पुडी नव्हती. आम्हीं नुकत्याच आणलेल्या दोन पुड्याही दिसेनात. "मसाला कोठें आहे?" असें विचारतां, "संपतो," एवढेंच उत्तर मिळालें.

मंगळवारीं रात्रीं आठ वाजतां तो कोट चढवून निघाला. "शिकवणी आहे," म्हणाला. आम्हींही टोपी उचलली. त्यानें नको म्हणून पाहिलें, बर्फाचा धाक घातला, परंतु गुप्त पोलिसाचें काम एकदां पत्करल्यावर माघार घेणें आम्हांला कमीपणाचें वाटलें.

उपाहारगृहाच्या दारावर 'बंद' अशी पाटी होती. भाचा मागल्या दारानें आंत शिरला, तो घरचा असावा तसा. कोपऱ्यांतल्या टेबलापाशीं मालकाची बारा-तेरा वर्षांची मुलगी बीजगणिताचें पुस्तक उघडून वाट पाहत बसली होती. दीड तास तो तिला समीकरणें सोडवून दाखवीत होता, आणि आम्ही समोर बसून सरदारजीची दिवसाच्या जमेची मोजदाद पाहत होतों. मग दोन टेबलें एकत्र ओढलीं गेलीं. मालक आणि त्याची बायको, नेपाळांतल्या पोखऱ्याचा स्वयंपाकी, दिवसभर तंदुरापुढें उभा राहून नान भाजणारा मेक्सिकोचा तरुण, ती मुलगी, भाचा आणि आम्ही. सात तबकांतला एकही पदार्थ त्या टेबलावर नव्हता. मोठें पातेलेंभर डाळ, भात, चिरलेला कांदा, हिरव्या मिरच्या. आणि मेक्सिकोच्या तरुणानें विस्तवावर शेकून आणलेल्या मक्याच्या पातळ भाकऱ्या. त्यांना तो तॉर्तिया म्हणत होता; आम्हीं हातांत घेऊन पाहिली आणि मनांत तिचें नांव भाकरीच ठेविलें.

डाळीवरचें झाकण निघालें आणि आम्ही बोलतां बोलतां थांबलों. दगडफूल, तीळ, सुकें खोबरें. अक्काच्या साताऱ्याच्या स्वयंपाकघरांत शिरावें तसा तो वास होता. ती आमटी होती असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. गूळ नव्हता, आमसूल नव्हतें, लसूण भरमसाट होती, आणि मसाला कोणीं तरी मुठीनें मोजून घातला असावा. अक्कानें ती चाखली असती तर स्वयंपाक्याला पुन्हां पहिल्यापासून शिकविलें असतें. नेपाळ्यानें आमच्या पानांत दुसऱ्यांदा, न विचारतां, डाव उपडा केला आणि मोडक्या हिंदींत समजाविलें कीं, हा मास्टरजींच्या आईचा मसाला आहे, तो मंगळवारींच काढतात, गिऱ्हाइकांना देत नाहींत.

आमचे आजोबा पुण्यास शिकले ते वार लावून. आजच्या वाचकांना सांगितलें पाहिजे कीं, गरीब विद्यार्थ्यानें आठवड्याचे सात दिवस सात घरीं जेवावयाचें, यास वार लावणें म्हणत. कोंकणांतून आलेल्या आजोबांना सहा वार बरे मिळाले होते. सातवा, गुरुवारचा, त्यांच्या म्हातारपणींही त्यांच्या तोंडून सुटत नसे. त्या घरची बाई "आणखी वाढूं का?" असें विचारीत असे, पण विचारतां विचारतां पातेल्यावर झाकण ठेवीत असे. आजोबांनीं आपल्या आईला लिहिलेल्या पत्रांत त्या झाकणाचा उल्लेख कधीं केला नाहीं. 'जेवणाची व्यवस्था उत्तम आहे,' असेंच ते दर पत्रांत लिहीत. पंक्तीला कोणी कोणाशेजारीं बसावें याचा विचार त्या पुण्याला फार. याच पुण्यांत १८९० सालीं पंच हौद मिशनमधल्या चहावरून टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य आलें, आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आणि ज्यांना कोणाच्या दारीं वार मागण्याचीसुद्धां मुभा नव्हती अशा जातींचीं मुलें त्याच शहरांत होतीं. तीं मात्र आजोबांच्या गोष्टींत कधीं आलीं नाहींत, आणि आम्हींही कधीं विचारलीं नाहींत.

परततांना बर्फ थांबला होता. भाचा आपण होऊन बोलूं लागला. विद्यापीठाचें वेतन वर्षांतले नऊच महिने मिळतें. त्यांतून खोलीचें भाडें जातें, आणि उरलेल्यांतला मोठा भाग कर्जाच्या हप्त्यासाठीं साताऱ्यास जातो. उन्हाळ्याचे तीन महिने कसे काढले तें त्यानें सांगितलें नाहीं; तांदुळाचें पोतें आम्हीं पाहिलेंच होतें. मुलीला शिकविण्याचे पैसे त्यानें मागितले नव्हते. सरदारजीनें पहिल्याच दिवशीं पान मांडलें आणि तेव्हांपासून दर मंगळवारीं मांडतो. फुकटचें जेवण घशाखालीं उतरेना, म्हणून दुसऱ्या मंगळवारीं हा घरून मसाल्याची पुडी घेऊन गेला. परवां बफेचे पैसे त्यानें आमच्यासाठीं मोजले होते, आणि आम्ही मात्र पिठल्यावर व्याख्यान देत होतों!

"मामा, आईला यांतलें कांहीं सांगूं नका," तो म्हणाला. "तिला वाटतें, मी येथें मजेंत आहें."

तिला तसें वाटतें याला कारण केवळ तो नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. साताऱ्याच्या लग्नकार्यांतून भाच्याच्या अमेरिकेंतल्या कमाईचे आंकडे, रुपयांत गुणून, सांगत सुटलेले आम्हीच होतों. घर गहाण टाकून त्याला पाठवावें हा सल्लाही आमचाच. कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही आमची आहे. आजवर त्या सहीनें आमची एक रात्रही मोडली नव्हती. त्या रात्रीं भाच्याच्या खोलींत, तांदुळाच्या पोत्याशेजारीं अंथरलेल्या गादीवर, आम्हांला ती वारंवार दिसत राहिली. परत आल्यावर आम्हीं पतपेढींत जाऊन काय केलें तें आमच्यापाशींच राहूं द्या. भाच्याच्या हप्त्यांतला थोडा भार कमी झाला, एवढेंच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं अक्काचा फोन आला. भाचा विद्यापीठांत गेला होता.

"काय रे, पाहिलेंस का? पोटभर जेवतो ना?"

"काल रात्रीं माझ्या डोळ्यांदेखत तीनदां भात घेतला."

"कोठें? घरीं?"

"पंक्तीला," आम्ही म्हणालों.

ती जरा थांबली. "आणि मसाला? पुरतो का त्याला? कीं पडून असतो?"

"पडून कसला राहतो! मीं आणलेल्या पुड्याही गेल्या. यापुढें दुप्पट पाठव."

"दुप्पट? एकट्या जिवाला एवढा मसाला कशाला लागतो रे?"

"अक्का," आम्ही म्हणालों, "तुझ्या मुलाकडे मंगळवारीं माणसें जेवायला असतात."