समुद्रफेसातला चिंचोका

पावसाळा ओसरला की कोकणच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेत शिंपले, काटक्या आणि जाळ्यांच्या तुकड्यांत अडकलेले पांढरे, लांबट, अगदी हलके काहीतरी सापडते. तो समुद्रफेस, माकुल नावाच्या मऊ अंगाच्या जीवाच्या पाठीतला सांगाडा. वैद्य त्याची पूड करतात, पक्षी पाळणारे तो पिंजऱ्यात टांगतात. मी तो चांदी ओतण्यासाठी गोळा करते.

घरी चांदी ओतायची म्हटले की लोक आधी आचेची काळजी करतात. माझ्या मते आधी साचा बघावा. समुद्रफेसाची एक बाजू कठीण, दुसरी नखाने ओरखडा उठेल इतकी मऊ. दोन तुकड्यांच्या मऊ बाजू पॉलिश पेपरवर घासून सपाट करायच्या. इतक्या, की एकमेकींवर ठेवल्यावर मधून उजेड दिसता कामा नये. पूड बारीक उडते, म्हणून नाकातोंडावर फडके हवेच. मग दोन तुकड्यांमध्ये चिंचोका ठेवून हळूहळू दाबायचा. चिंचोका मला या कामासाठी फार आवडतो. तो टणक आणि गुळगुळीत असतो, त्याला कुठे खाच नसते, त्यामुळे साच्यातून तो काही न मोडता निघतो. वर चांदी आत जायला रुंद तोंडाची वाट कोरायची आणि कडेने, वरच्या दिशेला, हवा निसटायला केसाएवढ्या चिरा. पुष्कळजण धातूच्या वाटेची काळजी घेतात आणि हवेची वाट विसरतात. कोंडलेली हवा चांदीला पुढे सरकू देत नाही.

मग मऊ कुंचल्याने आतली पूड झटकायची. इथे मी सर्वांत जास्त वेळ रमते. कुंचला फिरला की समुद्रफेसाचे थर वर येतात, एकाला लागून एक, नागमोडी. माकुल वाढताना एकेक थर घालत जाते. त्यांच्या मधल्या बारीक कप्प्यांत वायू आणि पाणी कमीजास्त करून पाण्यात तरंगते. पाणी किती ऊबदार होते, खायला किती मिळाले, यावर थरांमधले अंतर ठरते. म्हणजे एका जीवाचे भरलेले आणि उपाशी दिवस तिथे लागोपाठ मांडलेले असतात.

चांदी किती घ्यायची? बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मेणाच्या प्रतिमेवरून धातूचे वजन काढायचा हिशेब आहे : चांदी मेणाच्या बारापट. चांदी पाण्याच्या साडेदहापट जड, मेण पाण्याहून जरासे हलके. तेव्हा नुसत्या आकाराला अकरापट पुरते आणि उरलेली नळीत राहते. हा हिशेब पहिल्यांदा ताडून पाहिला तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता. चिंचोक्यासाठी मी तो पाण्यात बुडवून किती पाणी वर चढते ते बघते, आणि वाटेत भरायला सढळ हाताने चांदी घेते. थिजताना चांदी आकसते. वरचा जाड गड्डा शेवटी थिजला तरच खालची उणीव भरून निघते.

मोडीतल्या तोरड्या, जोडवी चालतात, पण डाक दिलेले सांधे आधी कापून टाकावेत. त्या डाकात जस्त असते, जुन्यात कॅडमियमही, आणि त्यांचा धूर विषारी. शुद्ध चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, साडेसात टक्के तांबे मिसळलेली साधारण ८९० अंशांपर्यंत पूर्ण पातळ होते. मुशीला आतून टाकणखार लावून घेतला की चांदी चिकटत नाही. वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन स्वतःच्या आकारमानाच्या वीसपट पिते आणि थिजताना तो बाहेर टाकते, म्हणून कधी कधी तडतडून फुटते. त्यावर जुना उपाय आहे : वर कोळशाचा तुकडा तरंगत ठेवायचा आणि टॉर्चची ज्योत मऊ, पिवळसर ठेवायची. डोळ्यांवर चष्मा, खाली कोरड्या वाळूचे घमेले, साचा उन्हात कडकडीत वाळलेला. ओलाव्याचा थेंबही वाफ होताना हजार पटींहून अधिक फुगतो आणि धातू उडवतो. यात तडजोड नाही.

चांदी आधी बसते, कडा गोल होतात, मग एकदम आरसा होतो. ज्योत मुशीच्या तोंडावरून न हलवता एकाच धारेत ओतायची. जळक्या केसांचा आणि समुद्राचा मिळून एक वास येतो. तारेने बांधलेले तुकडे गार झाल्यावर सोडवले की आतला समुद्रफेस करपून तपकिरी झालेला असतो. तो साचा पुन्हा उपयोगाचा नाही. पण त्याच्या सगळ्या रेषा चांदीवर उतरलेल्या असतात.

चिंचेच्या कोळाने धुऊन मी त्या तशाच ठेवते. कानस फिरवून चिंचोका गुळगुळीत करा, असे मला अनेकदा सुचवले जाते. गुळगुळीत चांदी बाजारात हवी तेवढी मिळते. माकुलने थराथराने जे घडवले, ते इथे चांदीत एका क्षणात उमटले आहे. त्यावर कानस चालवायला माझे मन तयार होत नाही. फक्त वरचा गड्डा करवतीने कापते. तो आणि त्याचा कीस डबीत जातो. पुढच्या ओतणीला त्यात निम्मी तरी ताजी चांदी घालायची, कारण फिरून फिरून आटवलेली चांदी ठिसूळ होत जाते.