पुंगळीचा हिशेब

सुरतेच्या उधन्यातला खानदेशी नेमबाज. झाडून झालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पाहिल्या की त्याच्या मनात आकडेमोड सुरू होते: या घरीच पुन्हा भरल्या तर?

अमेरिकेत बरेच जण भरतात. काडतुसात सहसा सर्वांत महाग असते ती पितळी पुंगळी, आणि ती पुन्हा वापरता येते. कॅप, दारू, गोळी तेवढी नवी. मात्र आधी भरण्याच्या यंत्राचे पैसे वसूल व्हावे लागतात. शिवाय स्वस्त पडलं की माणूस जास्तच गोळ्या झाडतो.

सुरतेत हा हिशेब जुळत नाही.

त्याची रायफल .२२ ची. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य जिंकलं ते याच बोअरवर. या काडतुसाचं दारू पेटवणारं रसायन पुंगळीच्या कडेतच असतं. एकदा बार उडाला की ती बाद. मोठ्या बोअरच्या वाटेत १९५९ चा शस्त्र कायदा उभा: परवान्याविना दारूगोळा बनवणं गुन्हा.

पैसे वाचवायचेच तर सराव हवेच्या रायफलीवर, १० मीटरवर करावा.