नाव कंपनीचे, गाणे लोकांचे : सेऊलमधील पाच दिवस

परदेशी जाणार म्हटले की लोक पहिला प्रश्न विचारतात, "तिकडे पाहण्यासारखे काय आहे?" दक्षिण कोरियाची राजधानी सेऊल हिच्या बाबतीत याची ठरलेली उत्तरे आहेत. जुने राजवाडे आहेत, रात्रीचे बाजार आहेत, नामसान टेकडीवरचा उंच मनोरा आहे. आम्ही मात्र २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस तेथे गेलो ते जुन्या गायकांची ठिकाणे पाहण्यासाठी. जुने म्हणजे राजदरबारातले नव्हेत. १९९६ पासून पुढे ज्यांनी कोरियातील तरुण पिढीला वेड लावले आणि जे आता आमच्यासारखेच चाळिशी ओलांडून गेले आहेत, ते गायकवृंद. रजेच्या अर्जासोबत ना हरकत दाखल्याचा अर्ज दिला, तेव्हा कार्यालयात दोन-चार जण हसले. "ही तर तुमच्या मुलीची आवड असणार," असे एकाने म्हटले. वस्तुस्थिती उलट आहे. मुलीला ही आवड आमच्याकडून लागली.

२००० साली मणिपूरमध्ये एका भूमिगत संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. रिकाम्या पडद्यावर मग कोरियन चित्रपट, मालिका आणि गाणी आली. पुढे तिकडची मुले नोकरी-शिक्षणासाठी महाराष्ट्रात आली, तेव्हा त्यांच्या सामानातून ही गाणीही आली. आमच्या शेजारी भाड्याने राहणाऱ्या एका मणिपुरी तरुणाने आम्हांला शिनह्वा नावाच्या ग्रुपच्या गाण्यांची सीडी दिली. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. पण सहा तरुण एका पावलाने नाचत होते आणि त्यात कोणी पुढारी, कोणी मागचा असे वाटत नव्हते. ते आम्हांला आवडले. या गोष्टीला वीस वर्षे होऊन गेली. तीन वर्षे पैसे बाजूला टाकून आम्ही उभयतां आणि मुलगी, दिल्लीमार्गे सेऊलला पोहोचलो.

अपगुजंगची अस्वले

सेऊल शहराच्या मधून हान नदी वाहते. तिच्या दक्षिणेचा गांगनाम हा भाग श्रीमंतांचा समजला जातो. त्यातील अपगुजंग परिसरात एस. एम. एंटरटेनमेंट या कंपनीचे बस्तान अनेक वर्षे होते. स्वतः गायक असलेल्या ली सू-मान यांनी ती उभारली आणि सप्टेंबर १९९६ मध्ये पाच मुलांचा एच. ओ. टी. हा ग्रुप बाजारात आणला. 'बाजारात आणला' हाच शब्द येथे योग्य आहे. शाळकरी वयाची मुले निवडायची, त्यांना गाणे, नाच, बोलणे-चालणे शिकवायचे, एकत्र राहायला लावायचे आणि ती तयार झाली की नाव देऊन मंचावर उभी करायची, अशी ही पद्धत. ती पुढे साऱ्या धंद्याने उचलली. शिकवण्याचा खर्च कंपनीचा, म्हणून करार लांब मुदतीचा आणि ग्रुपचे नावही कंपनीच्या मालकीचे.

मेट्रोच्या अपगुजंग रोडिओ स्थानकातून बाहेर पडले की पदपथावर रंगीबेरंगी अस्वलांच्या मूर्ती दिसतात. प्रत्येक अस्वल एकेका ग्रुपच्या नावाचे. पर्यटक त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. आमच्या मुलीनेही काढले. ज्यांच्या नावाने येथे अस्वले उभारली गेली, त्यांत फोर मिनिट हा मुलींचा ग्रुपही होता. तो २०१६ मध्ये मोडला.

ग्रुप मोडण्यामागे पुष्कळदा करारच असतो. २००३ च्या अखेरीस आलेल्या टीव्हीएक्सक्यू या पाच जणांच्या ग्रुपचा करार तेरा वर्षांचा होता. जुलै २००९ मध्ये त्यातील तिघांनी न्यायालयात दाद मागितली. त्याच महिन्यात कोरियाच्या उचित व्यापार आयोगाने कलावंतांसाठी आदर्श करारनामा जाहीर केला आणि मुदतीची कमाल मर्यादा सात वर्षे ठेवली. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तिघांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये तडजोड झाली. तिघांना स्वतंत्रपणे काम करता आले, पण नाव मिळाले नाही. ते कंपनीत राहिलेल्या दोघांकडे राहिले.

कारकुनी करता करता आम्ही आमच्या भागातील कंत्राटी कामगारांचे अर्ज लिहून देतो. त्यामुळे ही गोष्ट आम्हांला परकी वाटली नाही. सही करताना माणूस पगाराचा आकडा वाचतो, मुदतीचे कलम वाचत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला तर तेरा वर्षे म्हणजे किती, हेच कळत नसते.

एस. एम. कंपनीने २०२१ मध्ये नदीच्या उत्तरेला सॉन्गसू भागात बिऱ्हाड हलवले. २०२३ मध्ये मालकीची लढाई झाली. तीत ली सू-मान यांनी आपल्या समभागांचा मोठा हिस्सा विकला आणि ते कंपनीपासून दूर झाले. कंपनीच्या नावातील दोन अक्षरे त्यांच्याच नावाची आहेत, असे लोक समजतात. अक्षरे राहिली, गृहस्थ गेले. कागदाचा नियम मालकालाही चुकला नाही.

जामशिल : रेशमाच्या गावात

अपगुजंगच्या पूर्वेला, नदीच्या त्याच काठावर जामशिल आहे. या नावाचा अर्थ रेशीमकिडे पाळण्याची जागा. राजेशाहीच्या काळात येथे तुतीची लागवड आणि रेशीमकिड्यांची पैदास होत असे. पुढे येथे मोठे क्रीडासंकुल झाले. १९८८ चे ऑलिम्पिक भरले ते मुख्य क्रीडांगण येथलेच. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या नूतनीकरणाचे काम चालू होते, म्हणून बाहेरूनच पाहावे लागले.

कुंपणाशी आमच्याप्रमाणेच थांबलेल्या एका बाईंशी गाठ पडली. वय आमच्याएवढेच. मुलीच्या मोबाइलवरील भाषांतराच्या सोयीने बोलणे झाले. शाळेत असताना त्या एच. ओ. टी. च्या चाहत्या होत्या. त्या काळी प्रत्येक ग्रुपच्या चाहत्यांचा रंग ठरलेला असे. एच. ओ. टी. चा पांढरा, जेक्सकिसचा पिवळा, जी. ओ. डी. चा आकाशी, शिनह्वाचा नारिंगी. त्या रंगाचे फुगे आणि रेनकोट घालून मुली मैदान भरून टाकत. एच. ओ. टी. २००१ मध्ये फुटला, तेव्हा या बाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

तोच ग्रुप सतरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, याच क्रीडांगणात पुन्हा उभा राहिला. दोन दिवसांचे कार्यक्रम झाले. बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. जाहिरातीच्या फलकावर मात्र एच. ओ. टी. ही तीन अक्षरे नव्हती. त्या नावाचे व्यापारचिन्ह कंपनीच्या एका माजी प्रमुखाच्या नावावर होते. म्हणून आयोजकांनी तीन अक्षरांऐवजी 'हाय-फाइव्ह ऑफ टीनएजर्स' असे लांबलचक पूर्ण नाव छापले. पाचही जण तेच, गाणी तीच, चाहतेही तेच. नाव तेवढे दुसऱ्याचे. "आम्ही मैदानात तेच नाव ओरडलो. ओरडण्यावर कोणाचा हक्क नसतो," असे बाई म्हणाल्या.

आमच्याकडे गायन पार्ट्या फुटतात, तेव्हा पेटी कोणाची, ढोलकी कोणाची आणि बॅनर कोणाचा यावरून भांडण होते. पेटी नवी घेता येते. बॅनरवरचे नाव नवे घेता येत नाही, कारण सुपारी त्या नावाला येते.

तेथून थोड्या अंतरावर ऑलिम्पिक पार्क आहे. हिरवळ, तळे आणि प्राचीन बेकजे राज्याच्या मातीच्या तटबंदीचे अवशेष यांमुळे जागा प्रसन्न आहे. तेथे ऑलिम्पिकच्या जिम्नॅस्टिक्ससाठी बांधलेले सभागृह आहे. नूतनीकरण झाल्यावर २०१८ पासून त्याला केएसपीओ डोम म्हणतात. सुमारे पंधरा हजार माणसे मावतात. आमच्या दृष्टीने हे या प्रवासातले मुख्य ठिकाण. कारण २४ आणि २५ मार्च २०१२ रोजी शिनह्वाने येथे पुनरागमन केले होते.

शिनह्वाची हकिगत थोडक्यात सांगितली पाहिजे. २४ मार्च १९९८ रोजी हा सहा जणांचा ग्रुप लोकांसमोर आला. २००३ मध्ये पहिल्या कंपनीचा करार संपला, तेव्हा सहाही जण एकत्र बाहेर पडले. २००८ पासून त्यांतील बहुतेक जण एकामागून एक सक्तीच्या लष्करी सेवेत गेले. कोरियात धडधाकट पुरुषाला ती चुकत नाही, आणि ग्रुप तुटण्याचे तेही एक मोठे कारण आहे. पण यांनी थांबायचे ठरवले. २०११ मध्ये सर्वांनी मिळून स्वतःची कंपनी काढली. एरिक आणि मिनवू हे दोघे तिचे प्रमुख झाले. सेवेत गेलेल्यांची सेवा संपताच, चौदाव्या वर्धापनदिनी ते या सभागृहात उभे राहिले.

अडचण संपली नव्हती. 'शिनह्वा' या शब्दाचा अर्थ पुराणकथा. तो शब्द व्यापारचिन्ह म्हणून पहिल्या कंपनीकडून इतरांच्या हाती गेला होता. स्वतःचे नाव वापरण्यावरून त्यांना वाद घालावा लागला. मे २०१५ मध्ये ते नाव कायद्याने त्यांचे झाले. पदार्पणापासून मोजले तर सतरा वर्षे लागली. या सर्व काळात सहांतला एकही जण वगळला गेला नाही वा बदलला गेला नाही.

सभागृह बंद होते. आम्ही पायऱ्यांवर डबा उघडला. पत्नी म्हणाली, "अहो, यांच्यापेक्षा चांगले गाणारे पुष्कळ असतील. तुम्हांला यांचे गाणे आवडते की यांचे एकत्र राहणे?" आम्ही म्हटले, "दोन्ही." पण विचार केल्यावर वाटते, प्रश्न नेमका होता. रेशीमकिडा धागा काढतो, पण धागा त्याचा नसतो. या सहा जणांनी आपला धागा परत मिळवला, म्हणून ते आम्हांला मोठे वाटतात.

यॉइदो : रस्त्यावर आलेले गाणे

शेवटच्या दिवशी यॉइदोला गेलो. हान नदीतील या बेटावर कोरियाची संसद आहे. हिरवट घुमटाची भव्य इमारत, पुढे रुंद रस्ता. ३ जून २०२५ रोजी अध्यक्षपदाची निवडणूक व्हायची होती. प्रचाराच्या गाड्या गाणी वाजवत फिरत होत्या.

गर्ल्स जनरेशन हा नऊ मुलींचा ग्रुप ऑगस्ट २००७ मध्ये आला. त्यांचे पहिले गाणे 'इनटू द न्यू वर्ल्ड'. तेही कंपनीनेच तयार करवून घेतलेले. ३० जुलै २०१६ रोजी इह्वा महिला विद्यापीठात प्रशासनाच्या एका योजनेविरुद्ध विद्यार्थिनी धरणे धरून बसल्या होत्या. आत सुमारे सोळाशे पोलिस शिरले. मुलींनी एकमेकींच्या हातांत हात गुंफले आणि हे गाणे म्हटले. ती योजना पुढे मागे घेण्यात आली. लहानपणी नाचण्यासाठी पाठ केलेले गाणे अशा वेळी त्यांच्या ओठांवर आले.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात अध्यक्षा पार्क ग्युन-हे यांच्याविरुद्ध मेणबत्त्यांचे मोर्चे निघाले. मेणबत्त्या वारा आला की विझतात, अशा अर्थाचे विधान सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराने केले. लोकांनी मग विजेरीवर चालणारे दिवे आणले. चाहते आपापल्या ग्रुपच्या लाइट स्टिक घेऊन आले. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री अध्यक्ष यून सक-यॉल यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा हेच दिवे पुन्हा बाहेर निघाले. कडाक्याच्या थंडीत या रस्त्यावर लाखो माणसे जमली. त्यांत तरुण मुलींची संख्या मोठी होती. ज्यांना येता आले नाही, त्यांनी परिसरातील उपाहारगृहांत आगाऊ पैसे भरून ठेवले, म्हणजे मोर्चातील कोणालाही कॉफी किंवा किंबापचे रोल फुकट मिळावेत. मोर्चाला पाण्याचा टँकर मिळवण्यासाठी ज्याने कधी धावपळ केली असेल, त्याला या व्यवस्थेचे मोल कळेल. १४ डिसेंबर रोजी संसदेत तीनशेपैकी २०४ मतांनी महाभियोग मंजूर झाला. ४ एप्रिल २०२५ रोजी घटना न्यायालयाने अध्यक्षांना पदावरून दूर केले.

त्या गर्दीत जी गाणी म्हटली गेली, त्यांत सतरा वर्षांपूर्वीचे हे गाणेही होते. ते निघाले तेव्हा पाळण्यात असलेल्या मुली आता ते गात होत्या. ज्यांनी ते प्रथम गायिले त्या ग्रुपची वाटचाल सरळ नव्हती. २०१४ मध्ये एक सदस्या गेली, २०१७ मध्ये आणखी तिघींनी कंपनी सोडली. तरीही २०२२ मध्ये पंधराव्या वर्धापनदिनी आठही जणी एकत्र आल्या आणि नवा अल्बम काढला.

त्या रुंद रस्त्यावर उभे राहून मुलीने विचारले, "पप्पा, मग हे गाणे आता कोणाचे?" कागदावर त्याचे हक्क ठरलेले आहेत, आणि ते तसे असलेच पाहिजेत, ज्यांनी लिहिले, ज्यांनी गायिले त्यांना त्यांचे पैसे मिळालेच पाहिजेत. पण डिसेंबरच्या थंडीत ते म्हणणाऱ्यांना कोणाची परवानगी घ्यावी लागली नाही.

आमच्या वाचकांच्या घरांतही आज गाणारी, नाचणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. व्हिडिओ कंपन्या, स्पर्धा, वाहिन्या त्यांच्याकडे कागद घेऊन येतात. आईवडिलांनी आनंदाच्या भरात लगेच सही करू नये. मुदत किती, नाव कोणाच्या मालकीचे, मुलाने सोडायचे ठरवले तर काय, ही तीन कलमे आधी वाचावीत. समजत नसतील तर जाणकाराकडून समजून घ्यावीत. सेऊलमध्ये ज्या गोष्टीसाठी जाणत्या कलावंतांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, ती आपल्याला सही करण्यापूर्वी अर्ध्या तासात पाहून घेता येते. आणि मुलांनी गावे जरूर. चांगले गाणे कोठे पोहोचेल, हे ते गाताना कोणालाच माहीत नसते.