बाजूने काढलेला फोटो

फोटो म्हटला की माणूस ताठ होतो, मग तो ऐंशीचा का असेना. ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये मी ट्रायपॉड मांडला की काकांची छाती पुढे येते, काकू पदर सारखा करतात. मला नेमकं तेच नको असतं. मी फिजिओथेरपिस्ट, मला मोजायचा असतो त्यांचा रोजचा बाक. म्हणून सांगते, "काका, मान दोन-तीनदा वर-खाली करा आणि बरं वाटेल तिथे सोडून द्या." मग पेन्शनच्या गप्पा काढते आणि हळूच बटण दाबते.

त्याआधीचं काम बोटांचं. मानेच्या तळाशी वर आलेला सातवा मणका शोधायचा. मान मागे नेली की सहावा बोटाखालून निसटतो, सातवा जागेवर राहतो. पोक आलेल्या पाठीवर मात्र चाचपडत बसावं लागतं. तिथे एक गोल स्टिकर, दुसरा कानाच्या भोकापुढच्या उंचवट्यावर. "मानेवर टिकली? सून हसेल हो!" एक आजी म्हणाल्या. त्यांचा अंबाडा वर बांधला तेव्हा कुठे मणका दिसला.

हे दोन ठिपके जोडणारी रेघ आणि मणक्यातून जाणारी आडवी रेघ, यांच्यातला कोन किनोव्हिआसारखं फुकट सॉफ्टवेअर काढून देतं. कोन जितका लहान, तितकी मान पुढे. साधारण ४८ ते ५० अंशांच्या खाली गेला की मान पुढे झुकली असं धरतात. आडवी रेघ खरीच आडवी हवी, म्हणून फोटोत ओळंबा सोडते. अगदी गवंड्याकडचाच.

आकडा आला की लोक खूश होतात. मी होत नाही. पायांची जागा, कॅमेऱ्याची उंची, अंतर सगळं तेच ठेवून नुसता स्टिकर काढून पुन्हा लावला, तरी कोन एक-दोन अंश हलतो. त्यामुळे "दोन अंश सुधारलो ना?" असं कुणी उत्साहाने विचारलं, तर हो म्हणणं जिवावर येतं.

शिवाय फोटोत हाडं दिसत नाहीत. बाक ठळक वाढलाय, उंची घटलीय, पाठ दुखतेय, असं असेल तर मी कोन मोजत बसत नाही. डॉक्टरांकडे एक्स-रेसाठी पाठवते. ठिसूळ हाडांमुळे मणका खचला असेल तर कंबरेतून पुढे वाकायचे व्यायाम आधी थांबवावे लागतात, आणि सकाळी बागेत नेमके तेच सगळ्यांत हौसेने चाललेले असतात.