बालेवाडीच्या गॅलरीतून

पुण्याला आम्ही अनेकदा गेलो आहोत. कधी मोर्चाला, कधी लग्नाला, कधी कार्यालयाच्या कामाला. पण यंत्रमानवांची स्पर्धा पाहायला गेलो ते एकदाच, २०१४ च्या मार्च महिन्यात. त्या प्रवासाची हकीकत वाचक पालकांना सांगावी, असे बरेच दिवस मनात होते.

कल्याणहून पहाटेची गाडी धरली. बरोबर आमच्या वस्तीतील एक हमाल गृहस्थ आणि त्यांची मुलगी होती. मुलगी डिप्लोमा करून इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट लागलेली. तिच्या कॉलेजचा संघ स्पर्धेत उतरणार होता. कर्जतला वडापाव घेतले, तोवर गाडीच्या मागे जादा इंजिने लागली. खंडाळ्याचा घाट चढायचा तर मागून रेटा हवाच. घाट संपला की ती इंजिने सुटतात आणि गाडी आपल्या बळावर पुण्याकडे धावते. या जादा इंजिनांबद्दल कोणा प्रवाशाने तक्रार केल्याचे आम्ही आजवर ऐकलेले नाही.

पुणे स्टेशनवरून शहर बसने बालेवाडी गाठली. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेली ही श्री शिवछत्रपती क्रीडानगरी मुंबई-बंगळूर महामार्गाच्या कडेला आहे. आत शिरलो तर देशभरच्या कॉलेजांची मुले खोकी, बॅटऱ्या, पाने-पकडी घेऊन धावत होती. कोणी जमिनीवर बसून नट आवळत होते, कोणी तिथेच झोपी गेले होते.

ही स्पर्धा म्हणजे रोबोकॉन. आशियाई देशांच्या प्रसारण संस्थांनी २००२ साली टोकियोत ती सुरू केली. दरवर्षी यजमान देश नवा खेळ ठरवतो. २००८ साली यजमानपद पुण्याला मिळाले तेव्हा आपल्या दहीहंडीवर 'गोविंदा' नावाचा खेळ बेतला होता. २०१४ ला ते पुन्हा पुण्याकडे आले. या वेळचा विषय होता पालकत्वाला सलाम. एक यंत्र आईबापाचे, दुसरे लेकराचे. आईबापाच्या यंत्राने लेकराच्या यंत्राला सीसॉ, झोका असे खेळ खेळवायचे. सामना अवघा तीन मिनिटांचा. एरवी एका देशातून एकच संघ पुढे जातो, यजमानाला मात्र दोन पाठवता येतात.

मैदान पाहून आमचे मन प्रसन्न झाले. एक बाजू लाल, एक निळी. दोन्हींची मापे तंतोतंत सारखी. पंच घड्याळ हातात घेऊन उभे. कोणाच्या बापाचा धंदा काय, हे तिथे कोणी विचारीत नव्हते. नियमाचे पुस्तक कित्येक महिने आधी सर्वांच्या हाती पडलेले.

तेवढ्यात मुलीच्या कॉलेजचे नाव पुकारले. तीन विद्यार्थी मैदानात उतरले. ती आमच्या शेजारीच बसून होती.

वडिलांनी हळूच विचारले, "यातलं तू केलेलं कुठलं गं?"

"त्या मागच्या बाजूच्या तारा दिसतात ना पप्पा, त्या सगळ्या मी जोडल्यात."

ते गृहस्थ पुढे वाकून तीन मिनिटे त्या ताराच पाहत राहिले. संघ हरला. तारा मात्र निघाल्या नाहीत.

परतीच्या प्रवासात आम्ही तिला विचारले, तू मैदानात का नव्हतीस? ती म्हणाली, "काका, सर म्हणाले की जी मुलं रात्रभर वर्कशॉपमध्ये थांबतात त्यांनाच घेणार. मला साडेआठची लोकल धरावी लागते." ही अट कुठे लिहिलेली होती का? नव्हती. निवड कोणी केली, कशावरून केली, तेही तिला ठाऊक नव्हते.

आम्ही पडलो कारकून. आमच्या कार्यालयात झाडू घ्यायचा तरी तीन दरपत्रके मागवावी लागतात, आणि ज्याचे घेतले नाही त्याचे का घेतले नाही याची नोंद ठेवावी लागते. मग मुलांच्या निवडीची नोंद नको? त्याच आठवड्यात मुलीच्या सहीने कॉलेजला अर्ज दिला. मागणी एवढीच : निवडीचे निकष आधी फलकावर लावावेत, दिवसा केलेले कामही धरावे आणि प्रत्येकाला त्याचे गुण कळावेत. राखीव जागा मागितली नव्हती, कोणाला काढा असेही म्हटले नव्हते.

पुढे अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या 'फर्स्ट' या स्पर्धेची पद्धत वाचनात आली. तिथे अंतिम फेऱ्यांसाठी वरच्या आठ संघांचे कप्तान आपापले साथीदार संघ सर्वांसमक्ष निवडतात. पहिल्या फेरीत पहिल्यापासून आठव्यापर्यंत, दुसऱ्या फेरीत उलट, आठव्यापासून पहिल्यापर्यंत. शेवटच्याला लागोपाठ दोन निवडी मिळतात. कर्जतच्या इंजिनांची आठवण झाली.

दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या फलकावर निकषांची नोटीस लागली. मुलगी चौथी आली. घ्यायचे होते तीन. यंत्र चालवण्याच्या चाचणीत तिला चार गुण कमी पडले होते. आम्ही तिची समजूत घालायला गेलो, तर ती वही उघडून बसलेली. म्हणाली, "काका, आता कळलं कुठे कमी पडले ते. गेल्या वर्षी हे कळलंच नव्हतं."

पालकहो, आपली मुले हरतील, जिंकतील. त्याची चिंता एवढी करू नका. पण एखाद्या संघात, शिबिरात, स्पर्धेत मूल घेतले गेले नाही, तर शाळा-कॉलेजात जाऊन नम्रपणे एक प्रश्न जरूर विचारा : निवड कशावरून झाली? उत्तर कागदावर मागा. आणि साडेआठची लोकल धरणारी मुलगी घरात असेल, तर अधूनमधून तिला न्यायला स्टेशनवर जा. घाटापुरता तेवढा रेटा आपल्यालाही देता येतो.